शब्दांचा उतारा

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांना पाणी देणारा जो मोठा कालवा आहे, त्याला आपण 'नीरा डावा कालवा' म्हणतो. एकोणिसाव्या शतकात तो बांधला गेला, तेव्हापासून इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव 'नीरा लेफ्ट बँक कॅनॉल' असे आहे. अध्यापनाच्या काळात मी हे नाव फळ्यावर लिहीत असे आणि मुलांना त्याचा अर्थ विचारीत असे. 'लेफ्ट' म्हणजे डावा, 'कॅनॉल' म्हणजे कालवा, ही उत्तरे तत्काळ येत. 'बँक' या शब्दापाशी मात्र गाडी अडे. कोणी म्हणे, कालव्याच्या डाव्या हाताला बँक असली पाहिजे. कोणी म्हणे, बँकेकडून कर्ज काढून कालवा बांधला असेल. ही उत्तरे ऐकून वर्गात हशा पिकत असला, तरी मला ती मुले मंद वाटत नसत. जो एकच अर्थ त्यांना पढविला गेला होता, त्याच्या आधाराने त्यांनी शक्य तेवढा तर्क चालविला होता.

'बँक' म्हणजे नदीचा काठ, हा अर्थ त्यांच्या वहीत कधी आलाच नव्हता. नदी ज्या दिशेने वाहते त्या दिशेला तोंड करून उभे राहिले असता डाव्या हाताला येतो तो डावा काठ. त्या काठाने काढलेला कालवा तो डावा कालवा. मराठीने 'काठ' हा शब्द गाळला, इंग्रजीने तो ठेवला. एवढा खुलासा झाला की मुलांना केवळ एक शब्दच नव्हे, तर आपल्या गावावरून वाहणारे पाणीही नव्याने कळे.

आज इंग्रजी शिकताना आपण जी एक रीत सर्रास पाळतो, तिच्याविषयी मला चार शब्द सांगायचे आहेत. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढायची, डावीकडे इंग्रजी शब्द लिहायचा, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ लिहायचा, आणि रोज दहा शब्द घोकायचे, अशी ही रीत आहे. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून असे. 2000 सालच्या जूनपासून ते महाराष्ट्रात पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे तुमच्याजवळ आमच्यापेक्षा चार वर्षे अधिक आहेत. पण त्या वर्षांत वहीची पानेच तेवढी वाढली आणि रेघ तशीच राहिली, तर त्याचा उपयोग काय? पाठांतराला मी नावे ठेवीत नाही. पाढे पाठ असावेत, स्पेलिंगही पाठ असावे. परंतु एका शब्दाला एकच अर्थ असतो, ही समजूत त्या रेघेबरोबर मनात उतरते, आणि ती मात्र साफ खोटी आहे.

ती किती खोटी आहे हे पाहण्यासाठी इंग्रजीकडे जाण्याचेही कारण नाही. आपल्याच भाषेतला 'उतारा' हा शब्द घ्या. परीक्षेत तुम्हांला 'पुढील उतारा वाचा' असे सांगतात. वडील तलाठ्याकडून सातबाराचा उतारा आणतात. ऊस कारखान्यावर गेला की त्याचा उतारा काढतात. शंभर किलो उसापासून अकरा किलो साखर निघाली, तर उतारा अकरा टक्के पडला असे म्हणतात, आणि उसाचा दर ठरविताना तो पाहिला जातो. विषावर उतारा देतात. दृष्ट लागली म्हणून तिठ्यावर टाकतात, तोही उताराच. आता सांगा, 'उतारा' या शब्दासमोर तुम्ही कोणता इंग्रजी शब्द लिहाल? पुस्तकातला उतारा इंग्रजीत 'पॅसेज' होतो, सातबाराचा 'एक्स्ट्रॅक्ट', कारखान्याचा 'रिकव्हरी' आणि विषावरचा 'अँटिडोट'. तिठ्यावरच्या उताऱ्याला इंग्रजीत बिनचूक जुळेल असा शब्द मला अद्याप आढळलेला नाही; ज्या देशात ती वस्तू नाही, त्या देशाने तिच्यासाठी शब्द का घडवावा?

आता हाच प्रवास उलट दिशेने करून पाहा. 'रिकव्हरी' हा शब्द तुम्ही तीन ठिकाणी ऐकता. कारखान्यात त्याचा अर्थ साखरेचा उतारा, दवाखान्यात त्याचा अर्थ दुखण्यातून बरे होणे, आणि सोसायटीच्या कचेरीत त्याचा अर्थ कर्जाची वसुली. 'आजोबांची रिकव्हरी चांगली आहे' या वाक्यात आनंद आहे. 'सोसायटीची रिकव्हरी सुरू झाली' या वाक्याने घरातील माणसे गप्प होतात. शब्द तोच, पण तो कोणाच्या दारात उभा आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. मात्र या सर्व अर्थांच्या मुळाशी एक धागा आहे: जे दुसरीकडे गेले किंवा अडकले ते परत हाती येणे. उसातली साखर, शरीरातली शक्ती, दिलेला पैसा. हा धागा सापडला की तीन अर्थ निरनिराळे घोकावे लागत नाहीत.

क्रियापदांची गंमत याहूनही अधिक आहे. आपल्याकडे मोटर चालते, दुकान चालते, घड्याळ चालते, शाळा चालते. फाटकी नोट चालत नाही. आणि एखादी गोष्ट मान्य असली की आपण 'चालेल' म्हणतो. वहीत लिहिले आहे, 'वॉक म्हणजे चालणे'. त्या आधारावर कोणी 'माझी मोटर वॉक करते' असे इंग्रजीत म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विहिरीवरून उठून बांधाबांधाने निघालेली मोटर उभी राहील! 'वॉक' हा शब्द पायांनी चालणाऱ्यांसाठी आहे. मोटर, बस, दुकान या सर्वांसाठी इंग्रजी माणूस 'रन' म्हणतो. म्हणजे आपल्याकडे जे चालते, ते त्याच्याकडे धावते. नदीही त्याच्याकडे धावते, नळही धावतो. यात त्याचे काही चुकत नाही आणि आपलेही चुकत नाही. प्रत्येक भाषा जगाकडे स्वतःच्या खिडकीतून पाहते. खिडकी बदलली की तेच शेत थोडे निराळे दिसते.

'आम्हांला इंग्रजी मुळीच येत नाही' असे सांगणारी मुले मला दरवर्षी भेटत. मी त्यांना म्हणे, सकाळी उठल्यापासून जे बोललात ते आठवा. लाईट, मोटर, स्टार्टर, पाइप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर, ट्रॉली, बॅग, स्टँड, तिकीट, हॉटेल, डॉक्टर, इंजेक्शन! पन्नास शब्द तर न घोकताच तुमच्या जिभेवर आहेत. मात्र एक सावधगिरी बाळगा. हे शब्द आपल्या गावात राहायला आले आणि त्यांनी आपला वेष थोडा बदलला. 'लाईट गेली' असे आपण म्हणतो, तेव्हा वीज गेली असे आपल्याला म्हणायचे असते. इंग्रजीत 'लाइट' म्हणजे उजेड किंवा दिवा, आणि हलकी वस्तूही 'लाइट'च. शेतात 'मोटर' म्हणजे पाणी उपसणारा पंप, आणि गावात 'मोटार' म्हणजे चारचाकी गाडी. सोलापूर रस्त्यावर ज्या टपरीत चहा-भजी मिळतात, तिच्यावरही 'हॉटेल' अशी पाटी असते. पण परदेशी पाहुण्याला तुम्ही 'पुढे हॉटेल आहे' असे सांगितले, तर तो तेथे झोपण्यासाठी खोली मागेल.

अशा शब्दांची लाज बाळगण्याचे कारण नाही. चावी, बटाटा, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, आज त्यांना परके कोण म्हणेल? कारखान्याचा समारंभ असतो तेव्हा निमंत्रणपत्रिका नीट वाचा. 'बॉयलर अग्निप्रदीपन' या दोन शब्दांत एक इंग्रज आणि एक संस्कृत पंडित मांडीला मांडी लावून बसले आहेत. 'गळीत हंगाम' यातला 'हंगाम' फारसी आहे. आणि ज्या पट्ट्यावर उसाची पहिली मोळी टाकतात, त्याला कामगारांनी 'गव्हाण' म्हटले. गोठ्यात जनावरापुढे चारा टाकण्याची जागा ती गव्हाण. उसाच्या राक्षसी यंत्रापुढे खाद्य टाकण्याची जागा तीही गव्हाणच! हे नाव देणाऱ्याने कोणताही शब्दकोश उघडला नसेल, तरी त्याला मी शब्दांचा जाणकार समजतो. नव्या वस्तूसाठी नवा शब्द उसना घ्यावा, की घरातल्या जुन्या शब्दाला नवे काम द्यावे, हे त्याने क्षणात ठरविले.

आपल्या भागाचे मुख्य पीक ऊस. म्हणून आणखी एक गोड गोष्ट सांगतो. साखरेला इंग्रजीत 'शुगर' म्हणतात हे तुम्हांला ठाऊक आहे. हा शब्द मुळात आपल्याच 'शर्करा' शब्दाचा वंशज आहे. संस्कृतातून तो फारसीत 'शकर' झाला, अरबीत 'सुक्कर' झाला, आणि व्यापाऱ्यांच्या गोण्यांबरोबर युरोपात पोहोचला. गुळाला इंग्रजीत 'जॅगरी' म्हणतात. तो पोर्तुगीजांनी केरळच्या किनाऱ्यावरून उचलला, आणि त्याचेही मूळ 'शर्करा'च. गोळीला 'कँडी' म्हणतात, त्याच्या मुळाशी संस्कृत 'खंड' आहे. आपल्या मराठीनेही इंग्रजीला एक लहानसा प्राणी दिला: 'मुंगूस' इंग्रजी शब्दकोशात जाऊन 'मंगूस' झाला. तेव्हा इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध, ते पचवायला विलक्षण छाती हवी, असे जे पूर्वी म्हणत, त्याने उगाच भिऊ नका. त्या दुधात साखर आपल्याकडची आहे.

शब्द कसा शिकावा याचा वस्तुपाठ पाहायचा असेल, तर हिवाळ्यात इंदापूर तालुक्यातील भिगवण किंवा कुंभारगाव येथे जा. भीमा नदीवर उजनी येथे धरण बांधले गेले, ते 1980 साली पूर्ण झाले, आणि त्याच्या फुगवट्याचे पाणी आपल्या तालुक्यात दूरवर पसरले. त्या पाण्यावर दरवर्षी दूरदेशीचे पक्षी उतरतात आणि ते पाहण्यासाठी शहरांतून माणसे येतात. त्यांना नावेतून नेणारे नावाडी मूळचे मच्छीमार. त्यांच्या तोंडी 'फ्लेमिंगो', 'पेंटेड स्टॉर्क', 'स्पूनबिल', 'बार-हेडेड गूज' ही नावे इतक्या सहजपणे येतात, की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे. त्यांनी ती रेघ मारलेल्या वहीतून घेतली नाहीत. पक्षी समोर असताना, बोट दाखवून, कानांनी घेतली.

आता त्या नावांच्या आत डोकावून पाहा. 'स्पून' म्हणजे चमचा, आणि या पक्ष्याची चोच खरोखरच चमच्यासारखी पुढे चपटी असते. मराठीतही त्याला 'चमचा' म्हणतात. मग 'बिल' म्हणजे चोच, हे न सांगता कळले. दुकानदार देतो ते बिल आणि पक्ष्याची ही चोच, या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. हे मुळात दोन वेगळे शब्द, योगायोगाने एकसारखे दिसू लागले. 'बार' म्हणजे पट्टा. हिमालय ओलांडून येणाऱ्या त्या हंसाच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, म्हणून तो इंग्रजीत 'बार-हेडेड' आणि मराठीत 'पट्टकादंब'. 'फ्लेमिंगो' या नावात ज्वाळेचा अर्थ दडलेला आहे असे मानतात. आपण त्याला 'अग्निपंख' म्हणतो. दोन भाषांनी एकाच पक्ष्याकडे पाहिले आणि दोघींनाही आगच आठवली! एका सकाळी नावेत बसून जे दहा शब्द तुम्ही शिकाल, ते म्हातारपणापर्यंत विसरणार नाही.

असाच, उलट दिशेने, एक इंग्रज आपली भाषा शिकला. त्याचे नाव जेम्स मोल्सवर्थ. सैन्यातील या अधिकाऱ्याने शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने मराठी शब्द गोळा केले आणि 1831 साली मराठी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. 1857 साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली, तीत सुमारे 60,000 शब्द होते. तो कोश आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. त्याचे एखादे पान उघडा. एका शब्दासमोर एक अर्थ, असा प्रकार तेथे क्वचितच दिसेल. हा शब्द या प्रसंगी असा वापरतात, त्या प्रसंगी तसा वापरतात; अमुक प्रांतात त्याचा असा अर्थ आहे; त्यावरून अशी म्हण पडली आहे, असे तो सांगत जातो. जाणकारांच्या मुखातून शब्द ऐकून घेतल्याशिवाय इतके बारकावे टिपता येत नाहीत. त्याच्या कामात साहाय्य करणारे थॉमस कँडी पुढे पुण्यास राहिले आणि त्यांनी 1847 साली इंग्रजी-मराठी कोश पुरा केला. या पानावर तुम्हांला जे स्वल्पविराम आणि अर्धविराम दिसत आहेत, ते मराठीत रूढ करण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या कँडी या नावाचा आपल्या 'खंड' शब्दाशी मात्र काही संबंध जोडू नका. तो केवळ योगायोग!

तुम्हीही असा एक लहानसा कोश करावा, असे मला वाटते. वहीत मधोमध रेघ ओढू नका. एका शब्दाला अर्धे पान द्या. तो कोठे भेटला ते लिहा: खताच्या पोत्यावर, बसच्या दारावर, औषधाच्या बाटलीवर, की पुस्तकात. ज्या वाक्यात भेटला ते सबंध वाक्य लिहा. महिन्याभराने तोच शब्द दुसऱ्या अर्थाने भेटला, तर त्याच पानावर त्याची नोंद करा. आणि शेजारी मराठी शब्द लिहिताना आळस करू नका, आजीला विचारा. 'व्हॉल्व्ह', 'पाइप', 'ड्रिप' यांची आपल्याला सवय झाली, ते ठीकच आहे. पण दंड, चारी, वाफा, सरी, पाळी हे शब्द ज्याला ठाऊक नाहीत, त्याने 'इरिगेशन' या शब्दाचा अर्थ कशाच्या आधारे समजून घ्यावा? ज्याचे मराठीचे भांडार रिकामे, त्याला इंग्रजी शब्द ठेवायला फडताळच नसते.

शब्दांचे भांडार म्हणजे काय, हे आपल्या बारामतीत राहून गेलेल्या एका कवीने दाखविले आहे. मोरोपंत (1729–1794) यांनी अनेक रामायणे रचली, त्यांपैकी एकाचे नाव 'निरोष्ठ रामायण'. ओठ मिटल्यावाचून ज्यांचा उच्चार होत नाही अशी प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात वर्ज्य केली आहेत. विचार करा: 'राम' या नावातच 'म' आहे! नायकाचे नावसुद्धा न घेता कथा सांगायची, तर एकेका गोष्टीसाठी किती निराळे शब्द हाताशी असले पाहिजेत! तुमच्यावर इंग्रजी बोलताना नेमका हाच प्रसंग येतो. हवा असलेला शब्द आठवत नाही, आणि तोंड बंद पडते. तोंड बंद पाडू नका. 'विळा' याला इंग्रजी शब्द सुचला नाही, तर 'गवत कापण्याचा वाकडा सुरा' असे सोप्या इंग्रजीत सांगा. ऐकणारा तुम्हांला शब्द पुरवील, आणि असा मिळालेला शब्द पक्का बसतो.

एका ठिकाणी मात्र अंदाजाने भागत नाही. आपल्या भागात ऊस, द्राक्षे, डाळिंबे यांवर फवारणी होते आणि औषधाचे डबे घरात येतात. 1971 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो व वरच्या भागात खूण किंवा शब्द असतो. तांबडा रंग, कवटीचे चित्र आणि 'पॉइझन' हा शब्द असेल, तर ते अत्यंत जहाल विष. पिवळ्या रंगावरही 'पॉइझन' असते; ते त्याच्या खालोखाल जहाल. निळ्यावर 'डेंजर' आणि हिरव्यावर 'कॉशन' असते.

हे तिन्ही साधे, रोजचे शब्द आहेत. पण 'लई डेंजर पिक्चर आहे' असे म्हणून म्हणून आपण 'डेंजर' या शब्दाची धार बोथट करून टाकली. डब्यावर तो दिसला तरी काळजात काही हलत नाही. आणि हिरवा रंग पाहून पुष्कळांना वाटते, हे निर्धोक आहे. सिग्नलचा हिरवा दिवा आपल्याला 'जा' म्हणतो ना! तेथे लिहिलेला 'कॉशन' हा शब्द मात्र 'सावध राहा' असे सांगत असतो. डब्याबरोबर घडी घातलेले एक पत्रक येते. त्यावरची अक्षरे बारीक असतात आणि वडिलांना चष्म्यावाचून ती दिसत नाहीत. त्यात 'अँटिडोट' असा एक मथळा असतो. विष पोटात गेल्यास त्यावरचा उतारा काय, ते त्याच्याखाली लिहिलेले असते. अशा प्रसंगी रोग्याबरोबर तो डबा व ते पत्रक डॉक्टरांकडे न्यावे लागते. म्हणून पत्रक फेकून देऊ नये, आणि डब्याचे झाकण उघडण्यापूर्वी तुम्ही ते वडिलांना मराठीत वाचून दाखवावे.